उटकटारीचं आवतण

ठकूआत्या, सव्वा महिना आणि वर चार दिवस झाले. पोर केवढी झाली असं कुणी विचारलं की मी बोटांवर मोजते, आणि त्याच बोटांवर तुम्हाला जाऊन किती दिवस झाले तेही मोजून होतं. दोन्हींचा दिवस एक, पहाट एक. मध्ये फार तर पाव घटकेचं अंतर, आणि त्या पाव घटकेसाठी मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

गेलेल्या माणसाविषयी गोड बोलावं म्हणतात. गाव बोलतंय की. ठकूच्या हाताला यश होतं, जीभ फटकळ पण मन साफ, असं सगळं बोलून झालं की तेच गाव आवाज खाली आणून म्हणतं, "पर हट्ट नडला म्हातारीला." बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला सासूबाईंनी गोधडी टांगली होती. शेकाच्या धुरानं डोळे चुरचुरायचे आणि गोधडीपलीकडचं सगळं मला ऐकू यायचं. मी एक शब्द बोलले नाही. त्याचंही सांगते, पण आधी तुमचा नंबर.

तुम्ही बोलला का नाहीत? नाक्यावरच्या शिपायानं तीनदा विचारलं, कौन है. तुम्ही एवढ्या बोलक्या. देवळातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत तीन घरची भांडणं लावून दोन मिटवणाऱ्या. त्या दिवशी "सुईण" एवढा एक शब्द तोंडातून निघाला असता तर आज तुम्ही इथं या उंबऱ्यावर बसून माझ्या पोरीच्या टाळूवर तेल जिरवत असता आणि माझ्या दुधाला नावं ठेवत असता. मला त्याचा संताप येतो. रात्रंदिवस येतो, पोरीला पाजताना येतो, आणि बायका म्हणतात असा संताप करून पाजू नये, पोरीच्या अंगी लागतो.

मी सोलापूरची. वडील तिथं शाळामास्तर, मी मराठी सातवी पास, आणि लग्न होऊन आले ती तुळजापूरच्या अलीकडच्या या निजामी गावात. माहेर बैलगाडीनं एका दिवसाच्या वाटेवर, पण राज्य दुसरं. नवी नवरी बघायला गावातल्या बायका आल्या तेव्हा कुणी माझं तोंड बघितलं, कुणी गळ्यातलं. तुम्ही कंबर बघितलीत. "हाड रुंद हाय, काळजी न्हाय," असं सासूबाईंना सांगितलंत, आणि माझ्याकडं वळून, "बाकी शाळेनं काय बिघडवलं आसंल ते आसंल." मी फणकाऱ्यानं म्हटलं की मी बाळंतपणाला सोलापूरच्या दवाखान्यात जाणार आहे. तुम्ही एवढ्या हसलात की तोंडातलं पान लुगड्यावर सांडलं. तिथून आपलं जे भांडण लागलं ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

भांडण सगळं त्या उटकटारीवरून. माळावरचं काटेरी झुडूप, गुडघ्याएवढं. पानांना करवतीचे दात, दांड्यावर पांढरी लव, आणि शेंड्याला निळसर पांढरा काटेरी चेंडू. शेळी सगळं खाते, पण तिला तोंड लावत नाही. अडलेल्या बाईच्या कमरेला तिची मुळी बांधली की बाई सुटते, असं तुमचं म्हणणं. तुमच्या सासूचं, तिच्या सासूचंही तेच म्हणणं. आणि ती मुळी आणायची तऱ्हा तर काय विचारावी. आदल्या सांजेला झाडापाशी जाऊन हळदकुंकू वाहायचं, ज्वारीचे पाच दाणे ठेवायचे आणि तिला मोठ्यानं आवतण द्यायचं, की उद्या अमकीच्या घरी काम आहे, यायचं बरं का. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत जाऊन बाभळीच्या खुंटीनं उकरायची, लोखंड लावायचं नाही. आणि घरातून पाऊल बाहेर टाकल्यापासून मुळी कमरेला बांधेपर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. पोर बाहेर आलं की त्याच घटकेला मुळी सोडायची आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात घालायची.

"बोललं तर काय होतं?" मी विचारलं होतं.

"बोललं की मुळीचा जोर तोंडावाटं निघून जातो," तुम्ही म्हणालात. "मग बांधायला नुस्तं लाकूड ऱ्हातं."

"झाडाशी बोललेलं चालतं आणि माणसाशी नाही?"

"झाड उलटून बोलत न्हाय, मास्तरणी. तुज्यावानी."

मास्तरीण हे तुम्हीच पाडलेलं नाव. मला ते आवडत नाही असं मी दाखवायची.

कार्तिकात, मला सातवा लागला तेव्हा, तुम्ही पदराच्या ओच्यातून उटकटारीचा एक चेंडू घेऊन आलात. मी तो अंगणात सुपावर ठेवून सुईनं सोडवला. वडिलांच्या पुस्तकात मी वाचलं होतं की शेवंती, झेंडू, करडई ही सगळी एका घराण्यातली. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते एक नसतं, दाटीवाटीनं बसलेली पुष्कळ इवली फुलं असतात. चेंडू सोडवला तर तसंच निघालं. एकेक फूल वेगळं, प्रत्येकाला आपापले काटे, आपापली निळी पाकळी. मी विजयानं तुमच्याकडं बघितलं. तुम्ही डोळे बारीक करून सूप कितीतरी वेळ न्याहाळत राहिलात.

"म्हंजी ही करडईची भन?"

"चुलत म्हणा."

"आन् शेवंतीची बी?"

"तिचीपण."

"बघ की मग. शेवंती जाती देवाच्या डोक्यावर, करडई जाती घाण्यात. हिला कुणी इचारीना म्हणून ही आली बाईच्या कामाला." आणि मग एक फूल चिमटीत धरून, "एवढी गर्दी कशाला गं एका गोळ्यात? बाळंतिणीच्या खोलीवानी. काम एकीचं, बघाया पन्नास."

त्या दिवशी आपण दोघी सासूबाई ओरडेपर्यंत हसत होतो. आत्या, मला त्या दिवशीचा राग येत नाही. तुमच्या सगळ्या दिवसांतला तो एकच दिवस असा आहे. चेंडूची ती फुलं मी वडिलांच्या जुन्या व्याकरणाच्या वहीत घालून ठेवली होती. अजून आहेत. रंग गेला, काटे राहिले.

त्याच दिवशी मी तुमच्याकडून वचन घेतलं होतं. माझ्यावर वेळ आली तर मुळीबिळी नाही, नुसते तुमचे हात. तुम्ही कुरकुर केलीत, पण दिलंत.

वेळ आली. त्याआधीच इंग्रज गेले होते, हद्दीच्या पलीकडं मिठाई वाटली होती आणि अलीकडं आमच्या गावाच्या तोंडाशी निजामाच्या शिपायांचा नाका बसला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते राहिलं. गाडीत बसवून नेलं तर नाक्यावर उतरवतील, परत पाठवतील, काय करतील सांगता येत नव्हतं. हे म्हणाले, थांबू या. थांबता थांबता पौष आला आणि मी तुमच्या हाताखाली आले. तुम्ही एका शब्दानं मला टोचलं नाहीत. नुसतं म्हणालात, "आली का मास्तरीण," आणि हात धुवायला गेलात.

आता मी ते सांगते जे गावाला ठाऊक नाही.

दुपारी कळा सुरू झाल्या. दिवस कलायला लागला तरी पोर पुढं सरकेना. तुम्ही तेल लावलंत, चालवलंत, खांबाला धरून उभं केलंत. मुळीचं नाव काढलं नाहीत. वचन पाळत होतात. आणि मी, सातवी पास, मास्तराची लेक, मी तुमचा पदर दोन्ही हातांनी धरून ओरडले, "आत्या, मुळी आणा. मी मरते. पाया पडते, मुळी आणा." तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंत. वाटलं आता म्हणाल, कुठं गेलं तुझं पुस्तक. तुम्ही म्हणालात, "आणती की. एवढंच व्हय?" आणि हळदकुंकवाची कुयरी घेऊन, दिवस मावळायच्या आत, माळाकडं गेलात.

म्हणजे हट्ट तुमचा नव्हता, माझा होता.

माळ नाक्याच्या पलीकडं, हद्दीच्या दगडांपर्यंत. आमच्या खळ्याच्या मागंच उटकटारीची पाच झुडपं होती, आत्या! पाच! मी मोजलेली. पण ती तुम्हाला चालेनात. तिथं गुरं बांधतात, माणसांचा वावर आहे, असल्या मुळीला काय जोर. तुमच्या सासूनं दाखवलेल्या ठिकाणचीच पाहिजे. या एका गोष्टीत मात्र तुम्ही हट्टी होतात आणि त्यावर मी तुमच्याशी जन्मभर भांडेन.

सांजेला नाक्यावर जुने जमादार होते. पांढऱ्या दाढीचे, त्यांच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं तुमच्याच हातची. ते तुम्हाला मावशीच्या मानानं खाला म्हणायचे आणि तुमची रीत त्यांना पाठ होती. भल्या सकाळी तुम्ही मुकाट्यानं आलात की ते बाजूला व्हायचे, शिपायांनाही तोंड मिटायला सांगायचे. जमादार आमच्या घरी आले होते, तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी. अंगणात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मैंने खाला को बोला था," ते म्हणाले. "कल से मेरी बदली है, नए लोग आ रहे हैं, वो तुमको पहचानते नहीं. खाला बोली, तो तू उनको बोल के रख ना. मैंने हाँ बोला." मग पुन्हा म्हणाले, "भूल गया मैं. सामान बाँधने में भूल गया."

सासूबाई आतून म्हणाल्या, भुलला म्हणे. मला वाटलं उठावं आणि त्या पांढऱ्या दाढीला हात घालावा. पण सबंध निजामी मुलखातून आमच्या अंगणात येऊन माझं चुकलं असं म्हणणारा तो एकच माणूस होता. मी गोधडीआडून त्यांना पाणी द्यायला सांगितलं.

तर तुम्हाला ठाऊक होतं. शिपाई नवे आहेत, तुम्हाला ओळखत नाहीत, हे ठाऊक असून तुम्ही आवतण देऊन आलात, रात्रभर माझ्यापाशी बसलात आणि भल्या पहाटे मुळी आणायला पुन्हा गेलात. जाताना ओढ्याच्या अंगानं गेलात, तुमच्या पावलांचे ठसे यांनी बघितले. येताना सरळ रस्त्यानं आलात, नाक्यावरून. का, ते मला कळतं. ओढ्याची वाट लांबची आणि इकडं मी ओरडत होते. माझ्यासाठी घाई केलीत. मग माझ्यासाठी एक शब्द का बोलला नाहीत? मुळीचा जोर गेला असता तर गेला असता! तुमचे हात होते ना? मला तुमचे हात पाहिजे होते. मुळी तर मी भीतीनं मागितली होती, अंधारात लहान मूल काहीही मागतं तशी.

आणि मुळीची गरजच पडली नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, मी सांगते. तुम्ही माळावर उकरत होतात तेव्हा पोर आपली आपण फिरली आणि सासूबाईंच्या हातात आली. रडली. सासूबाई म्हणाल्या, मुलगी हाय. तांबडं फुटत होतं. मी म्हटलं, आत्या आल्या की त्यांना आधी दाखवा, म्हणावं बघा, मुळीशिवाय झाली. मला हसूही आलं होतं. मी जिंकले होते.

मग बार ऐकू आला. मला वाटलं कुणी रानडुकरावर टाकला असेल.

तुमच्या एका मुठीत मुळी होती, दुसऱ्या हातात बाभळीची टोकदार खुंटी. शिपायाला धुक्यात ती खुंटी दिसली. पंचनाम्याचा कागद झाला. यांना उर्दू येतं, यांनी तो वाचला. त्यात लिहिलं होतं, नामालूम औरत. अनोळखी बाई! आत्या, या गावात चाळिशीच्या आतलं असं एक माणूस नाही ज्याला या जगात पहिल्यांदा तुम्ही हात लावला नाही, आणि तुम्ही अनोळखी. हे वाचून आले आणि म्हणाले, "शेवटी अडाणीपणानं जीव गेला." मी भिंतीकडं तोंड केलं. सासूबाई आत आल्या, माझ्या कानाशी वाकल्या. "तू मागितलीस हे कुणापाशी बोलू नगंस," त्या म्हणाल्या. "पोरीच्या माथी यील. आल्या आल्या सुईणीला गिळली म्हनत्याल. जलमभर म्हनत्याल."

म्हणून मी गप्प बसले. तुम्ही मुळीसाठी गप्प बसलात, मी पोरीसाठी. सव्वा महिना मी गोधडीआड पडून ऐकत राहिले, ठकूचा हट्ट, ठकूचा अडाणीपणा, आणि सासूबाई हूं हूं करत राहिल्या. बारशाला कुणी म्हणालं ठकूचं नाव ठेवा. मी नको म्हटलं. लोकांना वाटलं, गेलेल्या बाईचं नाव नको म्हणून. मला त्या नावानं दिवसातून पन्नासदा हाक मारायची नव्हती, इतका राग होता.

परवा कुंभाराची सरू अडली. तुम्ही तिचं पोट बघून ठेवलं होतंत, पोर आडवं बसायचं लक्षण आहे म्हणाला होतात. शेजारच्या गावची सुईण आणली. हात चांगला आहे तिचा, पण मुळीचं नाव काढल्यावर तिनं कानाला हात लावले. नाका ओलांडायची नाही म्हणाली. मी बघायला म्हणून गेले होते, पोर कडेवर. सरूनं माझा पदर धरला. "आता मला कोन मुळी आणून देनार?" म्हणाली. दोन्ही हातांनी धरला होता, आत्या. अगदी तसाच.

मी तिला सांगू शकले असते की मुळीत काही नसतं. चेंडू सोडवून दाखवला असता. पण मी मागितली तेव्हा मला कुणी शहाणपण शिकवलं नव्हतं.

"मी आणते," मी म्हटलं.

खळ्यामागची आणली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण मला नाक्यावरून जायचं होतं.

सांजेला जाऊन आवतण देऊन आले. तेव्हा नाक्यावर रानातून परतणाऱ्या माणसांची गर्दी होती, कुणी विचारलं नाही. माळावर चेंडू वाळून गेले होते, हात लावला की काटे सुटे व्हायचे. एका झुडपाला तेवढा उशिराचा एक निळा चेंडू होता. शेजारी तुम्ही उकरलेला खड्डा तसाच उघडा. मी त्याच्या काठाशी बसले, कुंकू वाहिलं, दाणे ठेवले. उटकटारीला सांगितलं की उद्या कुंभाराच्या सरूकडं काम आहे. आणि हेही सांगितलं की तुझ्यापायी एक बाई गेली, तेव्हा उद्या नखरे करू नकोस.

सकाळी पोर सासूबाईंकडं दिली आणि उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकल्याबरोबर बोलायला लागले. मोठ्यानं. "मी देशपांड्यांची सून, मुळी आणायला चालले. कुंभाराची सरू अडली आहे, तिच्यासाठी उटकटारीची मुळी आणायला चालले." दारं उघडली. हे मागून धावत आले, "काय चालवलंयस?" मी म्हटलं, "सोबत यायचं असेल तर या, गप्प बसायला सांगू नका." ते आले. नाक्यापासून शंभर पावलांवर असतानाच मी ओरडून सांगितलं, बाई आहे, मुळीला चालले आहे, हातात लाकडाची खुंटी आहे, बघून घ्या. शिपाई पुढं आला. पंचविशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. मी त्याला विचारलं, "तुम्हीच का?"

त्याला कळलं मी काय विचारते ते. यांच्याकडं बघून तो म्हणाला, "तीन बार पूछा था मैंने. तीन बार."

"चौथ्यांदा विचारायचं," मी म्हटलं.

यांनी ते त्याला उर्दूत सांगितलं. 

"ती नामालूम नव्हती," मी म्हटलं. "ठकू नाव तिचं. सुईण होती. माझ्यासाठी मुळी आणत होती आणि मुळी हातात असली की बोलायचं नसतं. हट्ट तिचा नव्हता. मी मागितली होती." शेवटचं वाक्य ऐकून यांनी माझ्याकडं मान वळवली. मी पुन्हा म्हटलं, "मी मागितली होती. सांगा त्याला." त्यांनी सांगितलं.  शिपाई बाजूला झाला. मला त्याची कीव आली नाही, आत्या. येईल असं वाटलं होतं.

मुळी घेऊन येतानाही मी बोलतच आले. गावात शिरले तर कुंभाराच्या अंगणात सगळ्या बायका जमल्या होत्या, त्यांच्यासमोर उभी राहून तेच सांगितलं. कुणीतरी पुटपुटलं, म्हणजे पोरीच्या पायगुणानं. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, पोर मुळीची वाट न बघता झाली, तिनं कुणाचं काही घेतलं नाही. मागितली मी. बोलायचं ते मला बोला. सासूबाई पोरीला घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्यांनी पोरीला छातीशी घट्ट धरली आणि पहिल्यांदाच हूं केलं नाही.

सरूच्या कमरेला मुळी मी बांधली. त्या सुईणीनं आत हात घालून पोर फिरवलं. दुपार झाली, तरी दोघं जिवंत आहेत, मुलगा झाला. त्याच घटकेला मुळी सोडली आणि ओढ्याला नेऊन घातली, तुमची रीत तेवढी मोडली नाही. मुळीनं काम केलं की त्या बाईच्या हातानं, मला ठाऊक नाही. तुम्ही म्हणाला असतात मुळीनं. बायका तर म्हणायलाच लागल्यात की सकाळी सुटायची ती दुपारी सुटली, कारण मास्तरीण रस्ताभर बोलत आली, अर्धा जोर तोंडावाटं गेला.

ठकूआत्या, तुम्हीसुद्धा हेच म्हणाला असता. अगदी याच शब्दांत, पान थुंकून, माझ्या तोंडावर. मग म्हणा की. मी काल दुपारपासून कान देऊन बसले आहे. पोर झोपली आहे, दार उघडं आहे, उंबऱ्यावर तुमची जागा रिकामी आहे. मुळी बांधून झाली, आत्या. सोडूनही झाली. आता बोललं तर चालतं.